‘वेश्या’ लिहावं की ‘सेक्स वर्कर’?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका आरोग्य संस्थेची पन्नासेक पानांची पुस्तिका तुम्ही इंग्रजीतून मराठीत आणताय. मूळ मजकुरात सगळीकडे ‘सेक्स वर्कर’ आहे. संपादक म्हणतात, सरळ ‘वेश्या’ लिहा, अस्सल आपला शब्द आहे. सहकाऱ्याला ‘वारांगना’ जास्त सभ्य वाटतो. हिंदी प्रतीत ‘यौनकर्मी’ छापलंय. यातला बरोबर शब्द कोणता आणि ‘वेश्या’ ही शिवी आहे का, हे तुम्हाला हवंय.

यात खरी अडचण सभ्यतेची नाहीच. इंग्रजीतला तो एक शब्द तुमच्या पुस्तिकेत चार-पाच वेगवेगळी कामं करतोय. एका पानावर तो कायद्याविषयी बोलतो, दुसऱ्या पानावर तपासणी शिबिराविषयी, तिसऱ्यावर फसवून आणलेल्या मुलीविषयी आणि चौथ्यावर एक बाई स्वतःबद्दल सांगत असते. मराठीत या प्रत्येक जागेला वेगळा शब्द बसतो. म्हणून ‘एकच शब्द ठरवू आणि सगळीकडे तोच ठेवू’ हा हट्ट आधी सोडा. चालू मजकुरात ‘सेक्स वर्कर महिला’ लिहा. कायद्यात, इतिहासात आणि संघटनांच्या नावात ‘वेश्या’ आहे तसा राहू द्या. ‘वारांगना’ आणि ‘यौनकर्मी’ दोन्ही नकोत. अठरा वर्षांखालच्या मुलीला यातला कुठलाच शब्द लावू नका. हे झालं घाईतलं उत्तर. संपादकांशी वाद घालायला कारणं लागतील, ती पुढे देतो.

आधी ‘वेश्या’. संस्कृतात ‘विश्’ म्हणजे आत शिरणं. त्यावरून ‘वेश’ म्हणजे घर आणि पुढे खास अर्थानं गणिकांची वस्ती. त्या वस्तीतली ती वेश्या. म्हणजे मुळात हा शब्द पत्ता सांगतो, चारित्र्य नाही. मराठीत वेश म्हणजे पोशाख, त्यामुळे ‘नटूनथटून बसते ती वेश्या’ अशी व्युत्पत्ती पुष्कळ जण सांगतात. ऐकायला पटते, पण ती चूक आहे. ‘विश्’शीच ‘वैश्य’ शब्दाचंही नातं आहे आणि इथेच छपाईतली सगळ्यात मोठी गफलत होते. ‘वैश्या व्यवसाय’ असं दोन मात्रा देऊन लिहिलेलं बातम्यांत आणि फलकांवर रोज दिसतं. ‘वैश्या’ म्हणजे वैश्य वर्णातली स्त्री. एक मात्रा जास्त पडली की तुम्ही भलत्याच लोकांबद्दल बोलू लागता. शिवाय ‘वेश्याव्यवसाय’ हा समास आहे, तो जोडूनच लिहायचा. छपाईला जाण्याआधी हे दोन शोध संगणकावर मारून बघाच.

संस्कृतात या शब्दाला शिवीचा वास नव्हता. अमरकोशात वारस्त्री, गणिका, वेश्या, रूपाजीवा ही नावं एका ओळीत येतात आणि लोक जिला मान देतात ती ‘वारमुख्या’ असंही तिथेच सांगितलंय. लगेच पुढे ‘कुट्टनी’ आहे. तीच मराठीतली कुंटीण, आणि तिच्यावरून कुंटणखाना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर गणिकाध्यक्षाचं वेगळं प्रकरण आहे. गणिका ही राजाकडून एक हजार ‘पण’ (तेव्हाचं नाणं) देऊन नेमलेली. रूपाजीवा म्हणजे रूपावर जगणारी, स्वतंत्र धंदा करणारी, आणि तिनं आपल्या दराच्या दुप्पट रक्कम दरमहा सरकारात भरायची. तेव्हा ‘गणिका’ हा ‘वेश्या’ला सभ्य पर्याय नाही, तो वेगळा हुद्दा आहे. आजच्या भिवंडीतल्या किंवा मिरजेतल्या बाईला गणिका म्हणणं म्हणजे आजच्या तलाठ्याला कुलकर्णी म्हणण्यासारखं आहे.

‘वारांगना’चंही तेच. ‘वार’ म्हणजे समूह किंवा पाळी. वारांगना म्हणजे समूहाची, पाळीपाळीनं सगळ्यांची स्त्री. ‘पण्यांगना’ म्हणजे किंमत देऊन मिळणारी. दोन्हींचा अर्थ उघडून पाहिला तर ‘वेश्या’पेक्षा बोचरा आहे, फक्त संस्कृताच्या शालीत गुंडाळलेला. शब्द कळला नाही म्हणून तो सभ्य वाटतो, इतकीच त्याची सभ्यता. त्यात ‘वारांगना’ आणि ‘वीरांगना’ यांच्यात एका वेलांटीचं अंतर. हा शब्द हाताशी ठेवणाऱ्या माणसानं झाशीच्या राणीवरचा लेख मुद्रितशोधनाशिवाय सोडू नये.

मग ‘वेश्या’ आज शिवी आहे का? कामाचं नाव आणि माणसाचं नाव, या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहा. ‘वेश्याव्यवसाय’ हे कामाचं नाव आहे, कायद्यात आहे, ते बातमीतही चालून जातं. ‘वेश्या’ हे माणसाचं नाव झालं की ते माणसाला गिळतं. शेजारचा माणूस गवंडी आहे म्हटलं की तो सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा काय करतो एवढंच कळतं. बाई वेश्या आहे म्हटलं की तिचं बाकीचं सगळं पुसलं जातं: आई, भाडेकरू, मतदार, बचतगटाची सदस्य. काम सोडून दहा वर्षं झाली तरी ती ‘माजी वेश्या’ असते. ‘माजी गवंडी’ असं कोणी म्हणत नाही. म्हणून तुमच्या संपादकांचं अर्धं बरोबर आहे. जन्मानं ही शिवी नाही, पण वापरानं तिच्यावर शिक्का बसलाय, आणि वाचक शब्द वापरातूनच ओळखतो.

तरीही हा शब्द सरसकट कापून टाकू नका. सांगलीत १९९६ पासून काम करणारी या बायकांची स्वतःची संघटना आहे, तिचं नाव ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. हे नाव त्यांचं आहे. ते ‘सेक्स वर्कर अन्याय मुक्ती परिषद’ करण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही. शब्द बाहेरच्यानं दुसऱ्याला लावणं आणि ज्याचा त्यानं स्वतःसाठी घेणं यात मोठा फरक आहे. ‘दलित’ शब्दाचा प्रवास आठवा.

‘रांड’ शब्द तुम्ही विचारला नाहीत, पण पुस्तिकेत मुलाखतींचे उतारे असतील तर तो येणारच. संस्कृत ‘रण्डा’वरून आलेला हा शब्द जुन्या मराठीत विधवेसाठी होता. मोल्सवर्थच्या १८३१ आणि १८५७ च्या कोशात विधवा आणि तिरस्काराचा शब्द हे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. ‘रंडकी-मुंडकी’ हा जोडशब्द आजही गावाकडे विधवेसाठीच ऐकू येतो. विधवेवर कोणाचा धाक नाही, म्हणून ती संशयाची, म्हणून ती सगळ्यांची, अशा उतरणीवरून शब्द घसरत वेश्येपाशी आला. हिंदीतला ‘रंडी’ही याच मुळाचा. हे माहीत असलं की भाषांतरात दोन चुका टळतात. एक म्हणजे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पत्रात ‘रांड’ दिसलं की लगेच वेश्या समजायचं नाही. दुसरं म्हणजे आजच्या बोलीत ही नुसती शिवी आहे, तिच्यात धंद्याची काही माहिती नसते. मालवणी माणूस ‘रे रांडेच्या’ म्हणतो तेव्हा तर ती शिवीही राहत नाही, विरामचिन्ह होते. मुलाखतीत बाई म्हणाली, ‘नवरा मला रांड म्हणायचा’, तर तिथे तोच शब्द अवतरणचिन्हात ठेवायचा. ‘अपशब्द वापरायचा’ लिहिलंत तर तिनं सांगितलेली सगळ्यात नेमकी गोष्ट तुम्ही खोडली.

‘कसबीण’ हा माझ्या मते या यादीतला सगळ्यात बोलका शब्द. अरबीत ‘कसब’ म्हणजे कमाई. मराठीत आला तो कौशल्य होऊन. ‘कसबी कारागीर’ ही शाबासकी आहे. त्याला स्त्रीलिंगी ‘ईण’ लावा, आणि शाबासकीची बदनामी होते. हाच खेळ आणखी दोन शब्दांत बघा. नायक म्हणजे पुढारी, नायकीण म्हणजे नाचगाणं करणारी, ठेवलेली बाई. कलावंत म्हणजे मानाचा, कलावंतीण म्हणजे दुसरंच काही. म्हणूनच आज गायिका किंवा अभिनेत्रीबद्दल कोणी ‘कलावंतीण’ लिहीत नाही, ‘महिला कलावंत’ असं वाकडं वळण घेतं. बाईनं कमावलं, बाई पुढे आली, बाईनं कला दाखवली, की भाषा तिला एकाच दाराशी नेऊन सोडते.

गोवा आणि सिंधुदुर्गाचा संदर्भ असेल तर इथे जास्त जपून. कलावंतीण, नायकीण, भाविण हे तिथल्या देवळांशी बांधलेले वेगवेगळे दर्जे होते. कलावंतिणीकडे गाणं-नाचणं, भाविणीकडे देवळातली दिवाबत्ती आणि झाडलोट. या समाजांनी विसाव्या शतकात ही नावं झटकून ‘गोमंतक मराठा समाज’ हे नाव घेतलं. तेव्हा आज जिवंत असलेल्या कुणाच्या आजीबद्दल सहज म्हणून ‘नायकीण’ लिहायचं नसतं, आणि ‘वेश्या’ तर नाहीच. तसंच जेजुरीच्या खंडोबाची मुरळी, सौंदत्तीच्या यल्लम्माची जोगतीण. देवाला सोडण्याच्या प्रथेतून यातल्या कित्येक जणी पुढे धंद्यात आल्या हे खरं, पण जोगतीण म्हणजे वेश्या असं समीकरण मांडलं तर परडी घेऊन जोगवा मागत फिरणाऱ्या बाईवर तुम्ही आळ घेतलात. प्रथेबद्दल लिहायचं तर ‘देवदासी प्रथा’, जी मुंबई इलाख्यात १९३४ च्या कायद्यानं आणि पुढे महाराष्ट्रात २००५ च्या कायद्यानं बंद झाली. बाईबद्दल लिहायचं तर ती आज काय करते ते. ‘बाजारबसवी’ ही शिवीसुद्धा इथूनच आली. बसव म्हणजे बैल, बसवी म्हणजे कन्नड मुलखात देवाला सोडलेली मुलगी. तिच्यापुढे ‘बाजार’ लावून मराठीनं काम पुरं केलं.

पेशवाईतले कागद कधी हाताशी आले तर एवढंच लक्षात ठेवा की बटीक, कुणबीण, नाटकशाळा आणि कलावंतीण ही चार वेगळी माणसं आहेत. बटीक आणि कुणबीण या विकत घेतलेल्या दासी, नाटकशाळा म्हणजे ठेवलेली. या सगळ्यांना ‘वेश्या’ म्हणून एका पोत्यात भरणारी भाषांतरं पुष्कळ आहेत.

आता तुमच्या मुख्य शब्दाकडे. इंग्रजीतला ‘सेक्स वर्क’ हा शब्द १९७० च्या दशकाच्या शेवटी कॅरल ली या अमेरिकन कार्यकर्तीनं वापरात आणला. जोर ‘वर्क’वर होता: हे काम आहे, स्वभाव नाही. बंगालीत त्याचं ‘यौनकर्मी’ झालं, हिंदीत तेच चालतं. मराठीत ते बसत नाही, कारण आपण ‘यौन’ म्हणतच नाही, ‘लैंगिक’ म्हणतो. ‘यौनशिक्षण’ असं मराठी शाळेत कोणी म्हणेल का? ‘लैंगिक कामगार’ हे व्याकरणानं बरोबर आहे, पण दोन ठिकाणी अडतं. ‘कामगार’ मराठीत पुल्लिंगाकडे झुकतो, ‘लैंगिक कामगार आली’ म्हणताना जीभ अडखळते. आणि ‘लैंगिक’ हे विशेषण कामगारालाच चिकटतं, कामाला नाही. यंत्राच्या भाषांतरात तर ‘सेक्स कार्यकर्ता’ असं निघतं. मराठीत कार्यकर्ता म्हणजे सतरंज्या उचलणारा, तेव्हा ते तपासूनच पुढे जा.

‘देहविक्रय करणारी महिला’ हा वर्तमानपत्रांचा आणि सरकारी कागदांचा आवडता पर्याय. कानाला सौम्य लागतो. पण या क्षेत्रातल्या संघटनांचा त्यावरचा आक्षेप बिनतोड आहे: देह विकला जात नाही, तो रात्री बाईबरोबर घरीच जातो. विकली जाते ती सेवा, ठरावीक वेळेपुरती. ज्या पानावर बाईच्या शरीरावरच्या हक्काची, नकार देण्याच्या अधिकाराची चर्चा आहे, त्या पानावर ‘देहविक्रय’ लिहिलंत की युक्तिवादच कोसळतो. विकलेल्या वस्तूवर कसला हक्क?

उरतं ते ‘सेक्स वर्कर’. इंग्रजी आहे ही तक्रार मला मान्य नाही. नर्स, ड्रायव्हर, वेटर इतकाच तो आता मराठी आहे, सांगली-कोल्हापूरच्या बैठकांत बायका स्वतः तो वापरतात. अडचण आहे ती विभक्तीची. ‘सेक्स वर्कर्सना’ लिहिलं तर इंग्रजी अनेकवचनाला मराठी प्रत्यय लागतो. ‘सेक्स वर्करांना’ कानाला खटकतं. ‘सेक्स वर्करच्या मुलांना’ यात एकीच्या की अनेकींच्या, ते कळत नाही. यावर सोपा तोडगा म्हणजे शब्दाला हात न लावता पुढे ‘महिला’ जोडायचं आणि प्रत्यय तिला लावायचे: सेक्स वर्कर महिलेला, सेक्स वर्कर महिलांनी, सेक्स वर्कर महिलांच्या. पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तीही या कामात आहेत, त्यांच्यासह बोलायचं असेल तिथे ‘सेक्स वर्कर व्यक्ती’. ‘वेश्या’ शब्दाला ही सोय नाही. ‘पुरुष वेश्या’ हे वाचकाला विनोदी वाटतं, आणि तिथेच तुमचं पान वाया जातं.

कायद्याच्या पानावर मात्र स्वतःचे शब्द चालवायचे नाहीत. वर्तमानपत्रं ज्याला ‘पिटा’ म्हणतात तो १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. त्यातली वेश्याव्यवसायाची व्याख्या आधी फक्त स्त्रीपुरती होती. १९८६ च्या दुरुस्तीनंतर ती ‘व्यापारी हेतूनं व्यक्तींचं लैंगिक शोषण किंवा गैरवापर’ अशा अर्थाची झाली, म्हणजे ‘स्त्री’ जाऊन ‘व्यक्ती’ आली. कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या या कमाईवर जगणं, मुलगी मिळवून देणं, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणं, शाळा-देऊळ-इस्पितळापासून दोनशे मीटरच्या आत हे काम करणं, हे त्यात गुन्हे आहेत. प्रौढ बाईनं स्वतःच्या मर्जीनं खासगी जागेत हे काम करणं हा गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२० मध्ये तीन स्त्रियांना सुधारगृहातून सोडताना हेच सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२ च्या आदेशात आणखी पुढे जाऊन छाप्यात अशा बायकांना अटक, दंड किंवा छळ होऊ नये आणि माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये, असं बजावलं. त्यामुळे पुस्तिकेत कुठे ‘बेकायदा वेश्याव्यवसाय’ असं लिहून गेला असाल तर थांबा. ‘बेकायदा कुंटणखाना’ बरोबर. पहिल्यात विशेषण चुकीच्या माणसावर पडतं.

न्यायालयालासुद्धा एका शब्दावर स्थिर राहता आलं नाही, हे संपादकांना जरूर सांगा. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लिंगभेदी शब्द टाळण्यासाठी वकील-न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली. तिच्यात ‘प्रॉस्टिट्यूट’ऐवजी ‘सेक्स वर्कर’ सुचवलं होतं. मानवी तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांनी हरकत घेतली: फसवून आणलेली, कोंडून ठेवलेली मुलगी ‘वर्कर’ कशी? नोव्हेंबरमध्ये तो पर्याय बदलला आणि तस्करीची बळी, व्यापारी लैंगिक व्यवहारातली स्त्री, त्यात जबरदस्तीनं ढकललेली स्त्री असे वेगळे पर्याय आले. शब्द लांबलचक झाले, पण एक मुद्दा पक्का झाला: मर्जीनं काम करणारी आणि ढकलली गेलेली यांना एक शब्द पुरत नाही.

म्हणून पुस्तिकेतलं प्रत्येक वाक्य तपासताना आधी वय बघा, मग मर्जी. वय अठराच्या खाली असेल तर ‘बालवेश्या’, ‘अल्पवयीन सेक्स वर्कर’ हे दोन्ही बाद. तिथे ‘लैंगिक शोषण झालेली अल्पवयीन मुलगी’ एवढंच, कारण पोक्सो कायद्यात तिच्या संमतीला अर्थच नाही. प्रौढ आहे पण फसवून किंवा विकून आणलेली, तर ‘तस्करीतून आणलेली महिला’. पोलिसांच्या पत्रकात अशा ठिकाणी ‘पीडित महिला’ असतं, ते चालेल, मात्र सगळ्यांना सरसकट पीडित करू नका. आणि प्रौढ, स्वतःच्या निर्णयानं काम करणारी असेल तर सेक्स वर्कर महिला. तुमच्याकडच्या मूळ मजकुरात तिन्हींना एकच शब्द असण्याची शक्यता बरीच आहे, तिथे ज्यांनी मजकूर लिहिला त्यांना विचारणं हाच उपाय. अंदाजानं भरू नका.

शब्द बरोबर निवडूनही वाक्य वाईट होतं, ते क्रियापदामुळे. बातमीतलं नेहमीचं वाक्य घ्या: ‘हायप्रोफाइल सेक्स रॅकेटचा पर्दाफाश, तीन वेश्या रंगेहाथ पकडल्या.’ इथे ‘वेश्या’ काढून ‘सेक्स वर्कर’ घातलं तर काही बदललं का? ‘रंगेहाथ’ चोराला पकडतात. ‘लॉजवर छापा, चालक आणि दलालावर गुन्हा. तिथल्या तीन महिलांना पोलिसांनी सोबत नेलं’ असं लिहिलं की गुन्हा कुणाचा ते कळतं आणि बाईला नाव लावायची गरजच उरत नाही. ‘वाममार्गाला लागली’, ‘पतिता’, ‘वाट चुकलेली’ हे शब्द कीर्तनात शोभतील, आरोग्याच्या पुस्तिकेत नाहीत. ‘बारबाला’ हाही असाच वर्तमानपत्री शब्द. डान्स बारवरच्या २००५ च्या बंदीनंतर तो इतका रुळला की बारमध्ये नाचणारी म्हणजे धंदा करणारी असं गृहीत धरलं गेलं. नाचणं हे वेगळं काम आहे, तिथे ‘बार डान्सर’ लिहा.

अहो-जाहोकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. पुस्तिकेत डॉक्टर ‘सांगतात’, समुपदेशक ‘म्हणाल्या’, आणि पंचेचाळीस वर्षांची सेक्स वर्कर महिला ‘ती सांगते’. इंग्रजीत हा फरक दिसतच नाही, मराठीत तो प्रत्येक क्रियापदाला येतो. सभ्य शब्द शोधण्यात आठवडा घालवायचा आणि शेवटी तिला एकेरीत बोलवायचं, यात काय मिळवलं? सगळ्यांना आदरार्थी नाही तर सगळ्यांना एकेरी, यातलं एक ठरवा आणि शेवटच्या पानापर्यंत पाळा. तसंच ‘त्या बाया’ आणि ‘त्या महिला’. ‘बाई’ शब्दात वाईट काही नाही, पण ‘त्या बाया’मधल्या ‘त्या’वर बोट रोखलेलं असतं.

थेट बोलण्यातले शब्द मात्र बदलू नका. मुलाखतीत बाई ‘मी धंदा करते’ म्हणते, तिथे ‘मी लैंगिक सेवा पुरवते’ हे तिच्या तोंडी घालणं म्हणजे खोटं बोलणं. मराठीत ‘काय धंदा करता?’ हा वाण्यालाही विचारायचा प्रश्न आहे, आणि तिनं तो शब्द त्याच सरळपणे उचललाय. या बायकांच्या बोलण्यात घरवाली म्हणजे कोठा चालवणारी बाई, मालक म्हणजे धंदा करणाऱ्या बाईचा कायमचा जोडीदार, गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. यातले दोन शब्द घरगुती मराठीत अगदी उलटे लागतात. घरवाली म्हटलं की वाचक बायको समजतो, मालक म्हटलं की घरमालक किंवा कोठेवाला. म्हणून पहिल्यांदा येईल तिथे अर्थ वाक्यातच गुंफा: ‘ज्याच्याबरोबर ती राहते, ज्याला ती मालक म्हणते, तो माणूस.’ पुढे तळटीप लागत नाही.

जागांच्या नावांनाही हेच लागू. ‘बुधवार पेठेतली’ ही पुण्यात शिवी झालीय. पण निम्म्या पुण्याची शालेय पुस्तकं ज्या अप्पा बळवंत चौकातून येतात तोही बुधवार पेठेतच, आणि दगडूशेठचा गणपतीही. कामाठीपुऱ्याला नाव मिळालं ते तेलंगण भागातून आलेल्या कामाठी मजुरांवरून. वस्तीबद्दल लिहायचं तेव्हा ‘बुधवार पेठेतल्या सेक्स वर्कर महिला’ असं नेमकं लिहा. नुसतं पेठेचं नाव सूचक म्हणून वापरू नका.

आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट. ही पुस्तिका कोण वाचणार? कार्यकर्ते आणि डॉक्टर वाचणार असतील तर वरचं सगळं लागू. पण ती या महिलांच्याच हातात द्यायची असेल, तर बहुतेक पानांवर तुम्हाला नामाची गरजच नाही. ‘सेक्स वर्कर महिलांनी गिऱ्हाइकाला कंडोमचा आग्रह करावा’ याऐवजी ‘गिऱ्हाईक कंडोम नको म्हणाला तर काय कराल?’ असं लिहा. ‘सेक्स वर्कर महिलांनी एचआयव्ही तपासणी करून घ्यावी’ याऐवजी ‘तपासणी मोफत आहे, निकाल फक्त तुम्हालाच सांगितला जातो’. स्वतःची पुस्तिका वाचताना कोणालाही दर ओळीला आपला धंदा आठवून द्यावा लागत नाही. शेतकऱ्यांच्या माहितीपत्रकात ‘शेतकऱ्याने बियाणे पेरावे’ असं असतं तेव्हा ते कसं परकं वाटतं, तसंच हे. मुलांबद्दलच्या पानावर तर आणखी काटकसर करा. ‘सेक्स वर्कर महिलांची मुले’ हे शीर्षकात एकदा यावं. खाली मजकुरात ती फक्त मुलं असू द्या, कारण ते पान उद्या एखाद्या शिक्षकाच्या टेबलावर पडलेलं असेल आणि मुलगा समोर उभा असेल.

छपाईपूर्वीचं शेवटचं काम: संगणकाला ‘वेश्या’ शोधून सगळीकडे ‘सेक्स वर्कर महिला’ घालायला सांगू नका. ‘सेक्स वर्कर महिलाव्यवसाय’ तयार होतं, सांगलीच्या संघटनेचं नाव बिघडतं, कायद्याचे उतारे बदलतात, आणि जिथे बाई स्वतःच ‘हो, मी वेश्या आहे’ म्हणाली होती तिथे तिच्या तोंडातला शब्द निघून जातो. एकेक जागा उघडून, आधीचं-नंतरचं वाक्य वाचून बदला. पन्नास पानांना दोन दुपारी लागतील.